दहा काट्यांचा हेकरू

माणसांचे गुडघे, माणसांचे मणके आणि कधीमधी एखाद्या पोराने गिळलेलं नाणं, एवढ्यावर मोनालीचं एक्स-रे सेंटर बरं चाललं होतं. माशाचा एक्स-रे काढायला कुणी येईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. छत्रपती संभाजीनगरात समुद्र नाही, आणि जायकवाडीचा मासा आला तर तो कालवणात जातो, मशीनखाली नाही. पण एका दुपारी, गर्दी ओसरल्यावर, तिची शाळेपासूनची मैत्रीण करुणा हिवराळे पोळ्यांचा मोठा डबा घेऊन आली आणि डब्यातून ओल्या फडक्यात गुंडाळलेला दीड वितीचा मासा काढून टेबलावर ठेवला. फॉर्मालिनच्या वासाने मोनालीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"पेशंटचं नाव टाकल्याबिगर मशीन पुढं सरकत नाय," मोनाली नाकाला ओढणी लावून म्हणाली. "काय टाकू?"

"सांडू हिवराळे."

"ते तर तुझ्या आबांचं नाव."

"माशाचंबी तेच आहे. टाक तू."

वय एकतीस टाकलं, कारण बरणीत पडून त्याला तेवढी वर्षं झाली होती. स्त्री की पुरुष, या रकान्याशी मात्र करुणा अडखळली. हेकरू जन्मतात ते मादी म्हणून, आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. हे मशीनला कसं समजवायचं? शेवटी ती म्हणाली, "पुरुष टाक. आबांना बरं वाटंल."

हसतहसत झालं ते सगळं. करुणा त्या दिवशी आनंदातच होती, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे तसा दिवस आला नाही.

हेकरू हा कोकणातला नेहमीचा खाण्याचा मासा. त्याच्या कितीतरी प्रजाती, आणि बहुतेकांना दोनशे वर्षांपूर्वीच साहेबलोकांनी नावं देऊन ठेवलेली. एक हेकरू मात्र या शहरातल्या एका कॉलेजने शोधला होता. प्राणिशास्त्राचे प्रमुख डॉ. केशव सेलूकर मुलांची सहल घेऊन त्र्याण्णवच्या जानेवारीत रत्नागिरीला गेले, तिथल्या बंदरावर त्यांनी एक मासा घेतला, आणि कॉलेजात आणून मोजला तर त्याच्या पाठीवरच्या परात, म्हणजे पंखात, दहा काटे निघाले. त्याच्या जवळच्या सगळ्या भावंडांना अकरा असतात. पुढच्या वर्षी सेलूकर सरांनी तो नवी प्रजाती म्हणून छापला आणि त्याला नाव दिलं एपिनेफेलस सांडुई. सांडू म्हणजे कोण, तर विभागाचा प्रयोगशाळा परिचर. त्याच्या आधी 'श्री' लावून सरांनी इंग्रजीत छापलं होतं, की ज्यांच्या काळजीवाहू हातांनी हा नमुना तयार झाला त्या श्री. सांडू हिवराळे यांच्या नावे.

तेच वर्ष विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागल्याचं. एका नावासाठी सोळा वर्षं माणसं झिजली होती, मराठवाड्यात त्यापायी घरं जळली होती. त्याच वर्षी भावसिंगपुऱ्यातल्या एका माणसाच्या नावाने समुद्रातला मासा ओळखला जाणार, ही बातमी वस्तीत पसरली तेव्हा विहारात सांडू हिवराळ्यांना शाल घातली गेली. काहींना वाटलं सरकारने मासा बक्षीस दिला. पण मोल सगळ्यांना कळलं. नाव कुणी दिलं तर ते काय असतं, हे त्या वस्तीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

करुणा तेव्हा सात वर्षांची होती. त्या माशापायी ती प्राणिशास्त्राकडे गेली, त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागली, आणि सदतीस वर्षांची होईस्तोवर पश्चिम किनाऱ्यावरच्या हेकरूंवर तिचा प्रबंध होत आला. परीक्षकाने एकच शंका काढली: सांडुईचा दुसरा नमुना एकतीस वर्षांत कुणालाच कसा मिळाला नाही? मूळ नमुना पुन्हा तपासा. ज्या एका माशावरून प्रजातीचं नाव ठरतं तो मूळ नमुना, आणि तो तिच्याच कॉलेजच्या कपाटात होता. करुणाला वाटलं, बरंच झालं. एक्स-रे काढू, दहा काटे जगाला दाखवू, आबांच्या माशावर पुन्हा शिक्का.

फिल्म आली. मोनालीने ती पांढऱ्या दिव्यासमोर लावली आणि सवयीने आधी स्वतःच पाहिली.

"ह्ये काय ग?" ती बोट ठेवून म्हणाली. "इथं तर कुणीतरी कापलंय."

दहा काटे ओळीने उभे होते. त्यांच्या पुढे, डोक्याकडच्या बाजूला, कातडीच्या आत एका अकराव्या काट्याचं मूळ होतं. मूळ शाबूत, आणि वरचं टोक सरळ रेषेत संपलेलं. हाड आपणहून असं सरळ रेषेत संपत नाही. कात्री लागली तरच संपतं. करुणाने पुन्हा मोजलं. मग मासा उलटा करून आणखी एक फिल्म काढायला लावली. तीच गोष्ट. अकरा काट्यांचा हा मासा म्हणजे रत्नागिरीच्या बाजारात रोज पाटीवर मांडला जाणारा साधा हेकरू होता आणि त्याला दोन शतकांपूर्वीच नाव होतं.

आणि नावं देण्याची ही विद्या मोठी कडक आहे. जुनं नाव खरं, नंतरचं बाद. पण बाद झालेलं नाव पुसतही नाहीत. खऱ्या नावाखाली यादीत ते कायमचं ठेवतात, कुणी दिलं, कुठल्या साली चुकलं, त्यासकट. आबांचं नाव त्या यादीत जाणार होतं.

तिने फिल्म पाकिटात घातली. तिला रडू येत होतं, पण त्याहून वाईट एक गोष्ट डोक्यात घुसली होती. त्या माशाला हात लावणारा माणूस एकच होता, आणि ते तर पेपरातच छापलं होतं.

*

घरी आबा टरबुजाच्या फोडी करत बसले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं आणि ते प्रयोगशाळेसारखंच लख्ख असायचं. करुणाने फिल्म त्यांच्या हातात दिली. सदतीस वर्षांच्या नोकरीत आबांनी माशाचे सांगाडे मुलांना मास्तरांपेक्षा चांगले समजावले होते. ते फिल्म घेऊन खिडकीशी गेले, उजेडात धरली, कोपऱ्यात स्वतःचं नाव छापलेलं पाहून हसले, आणि मग काटे मोजायला लागले. शेपटीकडून सुरुवात केली. दहापर्यंत ओठ हलले. मग हलायचे थांबले.



"आबा, तुमाला माहीत व्हतं?"

"व्हय."

 करुणाला वाटलं होतं ते नाही म्हणतील, चिडतील, निदान गप्प बसतील.

आबांनी फिल्म नीट पाकिटात घातली आणि तिच्यासमोर बसून सांगितलं. रत्नागिरीहून आले त्या दिवशी दुपारी सर घरी जेवायला गेले होते. थर्माकोलवर मासा आडवा ठेवून, परातला एकेक काटा टाचणीने ताणून, वरून ब्रशने फॉर्मालिन लावायचं, म्हणजे पर उभा राहून कडक होतो. हे काम ते डोळे मिटून करायचे. "पयला काटा बारका असतो, बाई. टाचणी रेटली आन् कटकन मोडला. निम्मा लोंबत राहिला." आबांच्या आधीच्या परिचराला एका फुटक्या बरणीपायी घरी बसवलं होतं, आणि ते स्वतः अजून कायम झालेले नव्हते. त्यांची पाचावर धारण बसली. मोडका काटा दिसला तर सर विचारणार. म्हणून त्यांनी बारीक कात्रीने तो मुळाशी कापला, कातडी वरून जुळवली, आणि तुकडा नळाखाली सोडून दिला. मासा कसा आता व्यवस्थित दिसत होता.

"मंग सर आले. त्यांनी मोजले. पुन्यांदा मोजले. खुर्चीवर बसले आन् म्हनले, सांडू, दहा आहेत रे. त्यांच्या डोळ्यात पानी व्हतं. म्या त्यांला काय सांगू? आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता वरीस गेलं. मंग सरांनी कागद दाखवला. त्यात माझं नाव." आबा टरबुजाच्या फोडींकडे बघत होते. "ज्या हातानं मोडलं त्या हाताचं नाव, बाई. त्या दिवसापून मला सरांच्या तोंडाकडं नीट बघता आलं नाय."

तेव्हा करुणाला एकेक उलगडत गेलं. एकतीस वर्षं दर रविवारी आबा सेलूकर सरांच्या घरी जात होते. पुस्तकांवरची धूळ, बागेतलं गवत, सिलिंडर, दळण, सरांची दवाखान्याची पाळी. सर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, आबा निवृत्त झाले, तरी चालूच. आई हयात असताना यावरून भांडणं व्हायची. करुणाही चिडायची, की आपण काय त्यांचे गडी आहोत का? आबा म्हणायचे, त्यांनी मला नाव दिलं. ती त्याला लाचारी समजत होती. ती एकतीस वर्षांची माफी होती, मागायची राहून गेलेली.

"मला हे छापावं लागंल आबा," ती म्हणाली.

"छाप. खरं हाय त्ये छापायाच पायजे." आबांनी हात पुसले. "पन आदी म्या सरांला सांगतो. त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. रविवारी जाऊ."

*

रविवारला चार दिवस होते. पेपर लिहायचा तर मासा नेमका कुठे, कधी, कुणाकडून घेतला याची मूळ नोंद लागते, म्हणून करुणा विभागाच्या कपाटात शिरली. या कपाटात तपासणी समित्यांना दाखवायच्या रंगीत फायली पुढच्या बाजूला रचलेल्या असतात, आणि खरं काम असतं ते मागे, वाळवीच्या तोंडाशी. तिथेच सेलूकर सरांच्या सहलींच्या वह्या मिळाल्या. काळा पुठ्ठा, टपोरं सुंदर अक्षर.

एक्केचाळिसाव्या पानावर मासा होता. तारीख, बंदर, सकाळची वेळ, ताज्या माशाचा रंग. आणि खाली मापं, बंदरावरच घेतलेली. पृष्ठपरातील काटे: अकरा. पहिल्या काट्याची लांबी: चौदा मिलिमीटर.

करुणाने पान उजेडात धरलं. खाडाखोड नव्हती. आकडा मोजताना माणूस एखादा चुकेल. पण जो काटा नाहीच, त्याची लांबी चौदा मिलिमीटर कशी भरेल?

सरांनी तो काटा पट्टीने मोजला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आले, दहा मोजले, पुन्हा दहा मोजले, डोळ्यांत पाणी आणलं. त्यांना तेव्हाच कळलं होतं की काटा कॉलेजात मोडला, आणि मोडणारा समोर उभा आहे. सगळं ठाऊक असून त्यांनी नवी प्रजाती छापली. पुढच्याच वर्षी ते प्रोफेसर झाले, हे विभागाच्या भिंतीवरच्या फळ्यावर रंगाने लिहिलेलं आहे.

वही पर्समध्ये टाकून ती बाहेर पडली. राग होताच, पण नुसता राग नव्हता. आबा रविवारी ज्या माणसापुढे हात जोडणार होते, तो माणूस गुन्ह्यात निम्म्याहून जास्त वाटेकरी होता. आबांना आत्ताच सांगावं का, हे ती चार दिवस घोळवत राहिली. पण आबा त्या चार दिवसांत काय बोलायचं ते पाठ करत होते. दाढी करताना, कणीक मळताना त्यांचे ओठ हलताना दिसायचे. तिच्याने तोंड उघडवलं नाही.

*

सेलूकर सर ज्योतीनगरात राहतात. वय एक्क्याऐंशी, पायांत जोर नाही, बोलणं मात्र पहिल्यासारखं खणखणीत. त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी दार उघडलं. आबा नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या लाकडी स्टुलाकडे वळले. मग थबकले, परत आले आणि सरांच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

त्यांनी पाठ केलेलं सगळं विस्कटून गेलं. काटा, टाचणी, कात्री, नळ, एवढंच तुटक तुटक आलं. शेवटी ते वाकले आणि सरांच्या पायांवर डोकं ठेवलं. करुणाने आयुष्यात आबांना विहाराबाहेर कुणापुढे इतकं वाकलेलं पाहिलं नव्हतं. तिने नजर खाली घातली.

सरांनी घाई केली नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ऊठ सांडू," ते म्हणाले. "फार मोठी गोष्ट लपवलीस माझ्यापासून. शास्त्राची फसवणूक झाली, माझीही झाली. पण तू आज येऊन सांगितलंस. मी तुला माफ केलं."

आबांना हुंदका फुटला. चौसष्ट वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला, आणि रडता रडता त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. भानुमतीबाई त्यांना पाणी द्यायला आत घेऊन गेल्या. आतून त्यांचा आवाज आला, बसा, मी चहा करते. आणि आबांचा आला, नाय बाई, म्याच करतो.

करुणाने वही काढून सरांच्या मांडीवर ठेवली. "सर, पान एक्केचाळीस."

सरांनी वही उघडली नाही. पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "बरी टिकली की," ते म्हणाले. "तू शोधशील असं वाटलंच होतं. बापासारखी बारकाईची आहेस."

"तुमाला त्याच दिवशी माहीत व्हतं." चिडली की करुणाची कॉलेजातली भाषा सुटायची. "आत्ता त्यांला माफ कुठल्या तोंडानं केलं सर?"

"हळू बोल. त्याला हलकं वाटतंय, ते वाटू दे." सर खुर्चीत थोडे सरळ झाले. "मी पन्नाशीला आलो होतो, करुणा. दहा वर्षं रीडरच्या पदावर अडकलेला. एक नवी प्रजाती नावावर नाही. ती त्या दुपारी ट्रेमध्ये आयती पडलेली होती. मी फक्त मोजली."

"मंग आबांचं नाव का दिलं?"

"सांडू प्रामाणिक माणूस आहे," सर म्हणाले. "नाव दिलं नसतं तर एक ना एक दिवस येऊन सांगून टाकलं असतं त्यानं. नाव दिल्यावर त्याची जीभ उचलणार नाही, हे मला ठाऊक होतं." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. "आणि वाईट काय झालं त्याचं? माझ्या घराण्यात कुणाच्या नावानं गल्लीसुद्धा नाही. तुझ्या बापाला तीस वर्षं मान मिळाला. दुसऱ्या कुणी दिला असता?"

"मी त्यांला ही वही दाखवनार हाय."

"दाखव की." सरांनी वही तिला परत केली. "दाखव, आणि तो काय म्हणतो ते मला येऊन सांग. मी त्याला तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो."

आबा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. सरांचा कप बिनसाखरेचा, हँडल उजवीकडे. सर कप घेत म्हणाले की रोजची बाई सोडून गेली आहे, भानुमतीला आता उचलाउचल झेपत नाही, तर सांडू, काही दिवस सकाळी येत जाशील का? आबा म्हणाले, येतो की सर.

*

करुणाने त्याच संध्याकाळी सांगितलं. आबांनी पान पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मापं आणि आकडे त्यांनी जन्मभर वाचले होते. अकरावर बोट ठेवलं, मग चौदावर. मग सर जे बोलले होते तेही तिने शब्दन् शब्द सांगितलं, जिभेचं वाक्यसुद्धा. आपण बापाला मोकळं करतो आहोत असं तिला वाटत होतं. म्हणाली, "तुमी त्यांला फसवलंच नव्हतं आबा. फसवलं त्यांनी. तुमच्या भीतीचा फायदा घेतला आन् एकतीस वर्षं फुकट राबवून घेतलं."

आबा वहीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पण तिला हवा होता तो राग त्यात आलाच नाही.

"म्हंजी सरांला माहीत व्हतं," ते म्हणाले, "का म्या मोडला म्हनून."

"व्हय, तेच सांगते ना."

"आन् तरी काढलं नाय मला." त्यांनी वही हळूच मिटली. "एका बरनीपायी मानूस घालवला व्हता त्यांनी. माझ्या हातून येवढी मोठी गोष्ट झाली आन् बोलले नाय एक शब्द. वरून नाव दिलं. झाकलं मला, बाई. आज बी तुझ्यासमोर झाकलंच."

"आबा, ते स्वतःसाठी झाकलं."

"तू लहान हाईस."

सदतीस वर्षांच्या बाईला ते म्हणाले. तिने पुन्हा समजावलं, आवाज चढवला, शेवटी रडली. आबा शांतपणे ऐकत होते आणि मान हलवत होते. त्यांना पटवायला तिच्याकडे एक वही होती, आणि सरांना त्यांनी आयुष्य दिलं होतं. ते आयुष्य मूर्खपणात गेलं असं म्हणायला कोण कबूल होईल? तिला त्या क्षणी सरांचं 'तो काय म्हणतो ते मला येऊन सांग' आठवलं. म्हाताऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

"पेपरात वहीचं लिवनार का?" आबांनी विचारलं.

"लिहावंच लागतं. मूळ नोंद हाय ती. नाय लिहिली तर मी खोटी."

"काढ त्ये."

"आबा—"

"माझं लिव. सांडूनं मोडला, सांडूनं कापला, समदं लिव. माझं नाव घालून लिव. सरांचं नको. या वयात त्यांला तोंड लपवाया लावू नको." मग ते थांबून म्हणाले, "त्यांनी माफ केलंय मला. त्ये बी काढून घेतलं तर माझ्यापाशी काय राहतंय?"

माशाचं नाव तर जाणारच होतं. तीन दिवस पेपर तिच्यासमोर उघडा होता. ते एक वाक्य होतं, की मूळ संशोधकाच्या वहीत पान एक्केचाळीसवर अकरा काट्यांची व पहिल्या काट्याच्या लांबीची नोंद आहे. चौथ्या दिवशी तिने ते पुसलं. वही कपाटात होती तिथे, समितीच्या फायलींमागे परत ठेवली. तिने स्वतःला समजावलं की नाव बाद करायला एक्स-रे पुरतो, आणि ते खरंही होतं. सेलूकर सरांनीही एकतीस वर्षांपूर्वी स्वतःला असंच काहीतरी समजावलं असेल, हेही तिला कळत होतं.

पेपर छापून आला तेव्हा आबा रोज सकाळी सरांकडे जायला लागून पाच महिने झाले होते. आंघोळ, कपडे, दाढी, सगळं तेच करायचे. सरांनी तिला निरोप पाठवला नाही, विचारलंही नाही. गरजच नव्हती.

"वाच," आबा म्हणाले. "मराठीत करून सांग."

तिने वाचलं. वर जुना हेकरू, दोनशे वर्षांपूर्वीचं नाव. त्याखाली बाद नावांची यादी, एकेक करत, आणि सगळ्यांत शेवटी एपिनेफेलस सांडुई. आबांनी मान हलवली. मग खालचा परिच्छेद आला: मूळ नमुन्याचा पहिला काटा प्रयोगशाळा परिचर श्री. सांडू हिवराळे यांच्या हातून मोडला व मुळाशी कापण्यात आला; त्यामुळे मूळ संशोधकाची गणना चुकली.

"पुन्यांदा वाच."

तिने पुन्हा वाचलं. प्रत्येक शब्द तिच्या तोंडात खड्यासारखा लागत होता.

"बेस झालं," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर निवांत होता. "सरांवर काय आलं नाय." त्यांनी घड्याळ पाहिलं, चप्पल घातली, आणि सरांची आंघोळ व्हायची आहे असं सांगून जिना उतरले.

करुणाला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बापाची लाज वाटली, आणि मग स्वतःची. पहिली संध्याकाळपर्यंत गेली. दुसरी गेली नाही.